‘डोके माझे, धोका माझा’ या युक्तिवादाविषयी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण 29 वर्षांचे आहात, डिचोलीहून पणजीला नोकरीसाठी रोज स्कूटरने ये-जा करता, पगार महिना 24,000 रुपये आहे आणि घरी पत्नी, तीन वर्षांची मुलगी व आई आहे. गेल्या महिन्यात हेल्मेट नसल्याबद्दल आपल्याला दंड झाला. आपले म्हणणे असे की हेल्मेट घातले नाही तर फुटेल ते माझेच डोके, समोरच्याला त्याने खरचटतही नाही. सिगारेट ओढणाऱ्याला सरकार ओढू देते, मग माझ्या डोक्यावर काय असावे हे पोलिसाने का ठरवावे? आणि अगदी शेवटी, जाता जाता, आपण विचारले आहे की उद्या दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला तर हेल्मेट नव्हते म्हणून भरपाई बुडते का.

मला ती शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. धोका जर फक्त आपलाच असेल, तर भरपाईची चौकशी आपण कोणासाठी केली?

मी पणजी आणि म्हापसा येथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांसमोर 22 वर्षे वकिली करत आहे. सुरुवातीला विमा कंपन्यांच्या बाजूने उभा राहत होतो, आता बहुतेक दावेदारांच्या बाजूने उभा राहतो. त्यामुळे हेल्मेटकडे मी डॉक्टरच्या नजरेने पाहत नाही. अपघातानंतर तीन-चार वर्षांनी, कागदपत्रांच्या फायलीतून पाहतो. पुढचे विवेचन त्या नजरेचे आहे. आपल्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडेल हे अपघात कसा झाला, चूक कोणाची, जखम कुठे, स्कूटर कोणाच्या नावावर आणि पॉलिसी कोणती यांवर अवलंबून राहील, आणि या पाचांपैकी एकही गोष्ट मला माहीत नाही.

कायद्याचा भाग लवकर उरकतो, कारण तो स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 नुसार सार्वजनिक ठिकाणी दुचाकी चालवणाऱ्या आणि मागे बसणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांप्रमाणे असलेले हेल्मेट घातले पाहिजे. फेटा बांधणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. कलम 194 ड नुसार दंड 1,000 रुपये आहे आणि त्याबरोबर तीन महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्रता येते. लोक दंड लक्षात ठेवतात, अपात्रता विसरतात. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. हेल्मेटची सक्ती म्हणजे संचारस्वातंत्र्यावर घाला आहे, हा युक्तिवाद आंध्र प्रदेशच्या एका नियमाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात झाला होता आणि 1988 साली न्यायालयाने तो फेटाळला.

पण न्यायालयाने फेटाळला म्हणून आपला युक्तिवाद बिनबुडाचा ठरतो असे मी म्हणणार नाही. प्रौढ माणसाला स्वतःच्या जिवाशी थोडा जुगार खेळण्याचा अधिकार असतो, हे मला मान्य आहे. उधाणलेल्या समुद्रात होडी घालणाऱ्या रापणकाराला किंवा माडावर चढणाऱ्या पाडेल्याला आपण रोज थांबवत नाही. वळणाआड उभे राहून दंड वसूल करण्याची पद्धत मलाही आवडत नाही, आणि ज्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे आहेत तिथे नागरिकाला फक्त हेल्मेटचे व्याख्यान देणे हा सरकारचा कोडगेपणा आहे, हेही मी मान्य करतो. तरीही सिगारेटची तुलना आपल्याच विरुद्ध जाते. घरात ओढणाऱ्याला कायदा अडवत नाही, मात्र कदंबच्या सरकारी बसमध्ये ओढू देत नाही. हेल्मेटचेही तसेच आहे. कलम 129 मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी’ हे शब्द आहेत. आपल्या कुळागरातल्या, म्हणजे घरच्या बागायतीतल्या, वाटेवर आपण उघड्या डोक्याने दिवसभर स्कूटर फिरवलीत तरी हे कलम आपल्याला शिवणार नाही. बंधन सुरू होते ते आपण इतरांबरोबर वाटून घेतलेल्या रस्त्यावर आल्यावर.

‘इतरांना काय त्रास?’ याचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका न्यायालयाने 1972 साली दिले होते. जखमी माणसाला रस्त्यावरून समाजच उचलतो, सरकारी रुग्णालयात समाजच पोचवतो आणि पुढे तो काम करू शकला नाही तर त्याच्या कुटुंबाचा भारही समाजच वाहतो, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याकडे 108 ची रुग्णवाहिका आणि बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, डोळ्यांसमोर आणले की हे समजायला वेळ लागत नाही. पण खरे सांगायचे तर हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. सरकारी खर्चाच्या नावाखाली उद्या गोडधोड खाण्यावरही बंदी घालता येईल. माझे कारण वेगळे आहे आणि ते मला न्यायाधिकरणातल्या गणिताने शिकवले.

एखादा कमावता माणूस दुसऱ्याच्या चुकीने अपघातात गेला, तर त्याच्या कुटुंबाला किती भरपाई द्यायची याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांमध्ये घालून दिले आहे. आपलेच आकडे त्यात घालून पाहू. महिना 24,000 म्हणजे वर्षाला 2,88,000 रुपये. वय 40 च्या आत असल्यामुळे भविष्यातील वाढीपोटी, ठरावीक पगाराची नोकरी धरून, 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 4,03,200 झाले. त्यातून मृताचा स्वतःवर होणारा खर्च वजा करायचा; अवलंबून असणारी माणसे दोन ते तीन असतील तर तो एक तृतीयांश धरतात. उरले 2,68,800. वय 26 ते 30 या गटात असल्याने गुणक, म्हणजे या वार्षिक रकमेला गुणायचा आकडा, 17. गुणाकार 45,69,600 रुपये येतो, आणि काही ठोक रकमा वेगळ्या मिळतात.

हे गणित मी शेकडो वेळा केले असेल, पण कितीतरी वर्षे त्यातली एक पायरी माझ्या लक्षात आली नव्हती. एक तृतीयांश वजा करताना न्यायालय काय म्हणत असते? या माणसाच्या कमाईतला तिसरा हिस्सा त्याचा, बाकीचे दोन हिस्से त्या घराचे. आपल्या वडिलांचाही भार आपल्यावर असता, तर अवलंबितांची संख्या चार झाली असती आणि आपला हिस्सा एक चतुर्थांशावर आला असता. अविवाहित माणसाचा सहसा निम्मा धरतात. म्हणजे एकट्या माणसालाही कायदा पूर्णपणे त्याचा स्वतःचा मानत नाही. ‘डोके माझे’ हे वाक्य आपल्या बाबतीत एक तृतीयांश खरे आहे.

गोव्यात तर ही गोष्ट आणखी पुढे जाते. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर आपल्याकडे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि पत्नी निम्म्या हिश्श्याची मालकीण असते. मुले असताना मृत्युपत्रानेही माणसाला स्वतःच्या हिश्श्यातील फक्त अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा वारसांचाच राहतो. जो कायदा आपल्याला घराच्या चार भिंती स्वतःच्या लहरीने उधळू देत नाही, आणि ज्या कायद्याचा आपण गोवेकर अभिमान बाळगतो, त्याच कायद्याखाली राहून डोक्यावर मात्र संपूर्ण मालकी सांगणे मला विसंगत वाटते.

मृत्यूपेक्षा कठीण दावे जिवंत राहिलेल्यांचे असतात. मेंदूला मार बसलेला माणूस साक्षीसाठी येऊ शकत नाही. त्याच्या वतीने पत्नी किंवा आई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. तो सकाळी किती वाजता उठतो, त्याला कोण भरवते, तो मुलांना ओळखतो का, चिडल्यावर काय करतो, असे प्रश्न मी तिला विचारतो आणि मग विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तेच प्रश्न पुन्हा विचारतो. सत्तरीतल्या आईच्या बाजूला बसवून ठेवलेला चाळीस वर्षांचा मुलगा पंख्याकडे बघत हसत असतो. त्या दिवशी निवड कोणाची होती आणि शिक्षा कोण भोगत आहे, हे त्या खोलीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्या माणसाचा आपण विचारच केला नाही, त्याच्याकडे वळतो. तो म्हणजे समोरचा चालक.

बार्देशमधल्या एका गावातले एक निवृत्त शिक्षक माझे पक्षकार होते. घराच्या फाटकातून गाडी मागे घेताना त्यांनी आरशात नीट पाहिले नाही आणि रस्त्यावरून येणाऱ्या स्कूटरला गाडीचा मागचा भाग लागला. स्कूटरचा वेग फार नव्हता. तिचा एक दिवा फुटला आणि बाजूचा पत्रा चेपला, एवढेच नुकसान झाले. चालवणारा मुलगा वाड्यावरचाच होता, दुकानात जाऊन येत होता, डोक्यावर काही नव्हते. तो कडेच्या दगडी गटारावर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. चूक शिक्षकांचीच होती, ते कधी नाकारलेही गेले नाही. पण तीच चूक, तोच वेग, तीच जागा आणि त्या मुलाच्या डोक्यावर बंद पट्ट्याचे हेल्मेट असते, तर बहुधा प्रकरण खरचटण्यावर आणि दिव्याच्या पैशांवर मिटले असते. त्याऐवजी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला आणि सहा वर्षे चालला. दोन्ही घरे एकाच वाड्यावरची. चवथीला एकमेकांच्या घरी जाणे बंद झाले.

हा खटला जुन्या कायद्याखालचा होता, जिथे कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने साधी दुखापत झाली तर कलम 125 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि मृत्यू झाला तर कलम 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत. चुकीचे स्वरूप तेच असले तरी परिणामाप्रमाणे गुन्हा बदलतो, आणि तो परिणाम ठरवण्यात आपल्या डोक्यावर हेल्मेट होते की नव्हते याचा वाटा असतो. म्हणून हेल्मेट न घातल्याने समोरच्याला खरचटतही नाही, हे आपले विधान मला मान्य नाही. आपण उघड्या डोक्याने निघतो तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या क्षुल्लक चुकीची किंमत आपण त्याला न विचारता वाढवून ठेवतो. चुका तर आपण सगळेच करतो; मी स्वतः मागच्या शिमग्याला फोंड्यात एका दुचाकीला थोडक्यात चुकवले आहे.

आता आपल्या व्यावहारिक प्रश्नाकडे येतो. हेल्मेट नव्हते म्हणून भरपाई पूर्ण बुडते का? नाही. दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला असेल तर दावा टिकतो. मात्र विमा कंपनीचा वकील सहभागी निष्काळजीपणाचा, म्हणजे हानीत जखमीचा किंवा मृताचाही दोष असल्याचा, मुद्दा काढणार हे धरून चालावे. मी त्या बाजूला असताना तो प्रत्येक वेळी काढला आहे. तिथे प्रश्न असा असतो की कायद्याचा भंग आणि झालेली हानी यांचा कार्यकारण संबंध आहे का. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ट्रिपल सीटच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्याच कारणाने मृताचा दोष धरता येत नाही. त्या भंगामुळे अपघात झाला किंवा हानी वाढली हे दाखवावे लागते. हाच तर्क हेल्मेटला लावा. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा गैरलागू ठरतो. छातीला मार लागून मृत्यू झाला असेल तरीही तसेच. पण शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण डोक्याची दुखापत असे लिहिलेले असेल, तर दावेदाराच्या वकिलाची बाजू अवघड होते, आणि काही टक्के कपात होऊ शकते. ठरावीक टक्केवारी नाही, ती पुराव्यावर आणि न्यायाधीशांच्या मतावर ठरते. समजा 20 टक्के कापले, तर वरच्या आपल्या गणितातून 9,13,920 रुपये जातात. ती रक्कम आपल्या मुलीच्या वाट्यातून जाते.

पुरावा कुठून येतो, असेही आपण विचाराल. घटनास्थळाच्या पंचनाम्यात हेल्मेट पडलेले आढळले का, रुग्णालयात दाखल करताना नातेवाइकांनी काय सांगितले, जखम टाळूवर आहे की हनुवटीवर, यांवरून. हेल्मेट हँडलला किंवा कोपरात अडकवलेले होते आणि ते रस्त्यावर शाबूत सापडले, अशी प्रकरणे माझ्याकडे आली आहेत. दावेदारासाठी यापेक्षा वाईट पुरावा नाही, कारण हेल्मेट जवळ होते आणि घातले नव्हते हेच त्यातून सिद्ध होते. गावात डोके उघडे आणि महामार्ग लागला की हेल्मेट, ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. नुस्तें (मासळी) आणायला जाताना कोण हेल्मेट घालतो, असे म्हणतात. माझ्या फायलींतले बरेच अपघात घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतले आहेत.

आतापर्यंतचे सगळे, चूक दुसऱ्याची असताना. चूक आपलीच असेल, किंवा रस्त्यात गुरे आडवी आली आणि आपण पडलात, तर चित्र फार वेगळे आहे. थर्ड पार्टी विमा दुसऱ्यांसाठी असतो. स्वतःच्या चुकीने पडलेल्या मालकाला त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी असते ते 15 लाखांचे मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण, आणि ते नावाप्रमाणेच मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच लागू होते. हेल्मेटच्या दंडाबरोबर येणारी तीन महिन्यांची अपात्रता इथे आडवी येते: त्या काळात गाडी चालवताना अपघात झाला तर कंपनी नकार देण्याचा रस्ता शोधणार. गोव्यात आणखी एक अडचण नेहमी दिसते. स्कूटर वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, म्हणून त्याला त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे त्रयस्थ म्हणून मागणी करता येत नाही, आणि तो मालक नसल्यामुळे मालक-चालक संरक्षणही मिळत नाही. तो दोन्हीकडून वंचित राहतो. मागे बसलेल्या पत्नीचेही गृहीत धरू नका. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागच्या माणसाची जोखीम येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली म्हटले आहे. अशा घरांना मी काय सल्ला देतो? काहीच देता येत नाही. चहा देतो आणि फी घेत नाही.

हेल्मेटविषयी मी तज्ज्ञ नाही, तरी इतके माहीत आहे की मोटारसायकल अपघातांवरील अनेक अभ्यास एकत्र करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. शंभर टक्के नाही. हेल्मेट घालूनही माणसे गेली आहेत, आणि त्यांचेही दावे मी लढवले आहेत. घ्यायचेच तर आयएस 4151 हे मानक आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्या; 1 जून 2021 पासून त्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकण्याला बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला वाटीसारखी हेल्मेटे अजून मिळतात. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी जमिनीवर पडते. उकाड्याची आणि पावसात काचेवर धरणाऱ्या वाफेची तक्रार खरी आहे. हवा खेळणारे हेल्मेट थोडे महाग पडते, आणि पावसाळ्यात काच बोटभर उघडी ठेवून वेग कमी करावा लागतो; याहून चांगला उपाय माझ्याकडे नाही.

मुलीला पुढे उभी करून नेता का, हे आपण लिहिलेले नाही. नेत असाल तर 15 फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा बंधनकारक आहे आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. आपल्या स्वातंत्र्याच्या युक्तिवादात तिची संमती कुठे बसते, ते मला सापडले नाही.

आज घरी गेल्यावर एक काम करा. स्कूटरचे नोंदणीपत्र आणि पॉलिसी शेजारी ठेवा. नोंदणी आपल्या नावावर आहे का, पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे की सर्वसमावेशक, आणि हप्त्याच्या तक्त्यात मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षणाच्या ओळीसमोर रक्कम लिहिली आहे की शून्य, हे पाहा. दुसरीकडे 15 लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी असल्याचे लिहून दिले की ते संरक्षण वगळता येते, आणि हप्ता कमी करण्यासाठी एजंट कधी कधी विचारल्याशिवाय तसे लिहून टाकतात. शून्य दिसले तर एजंटला फोन करण्याआधी पत्नीला ती ओळ दाखवा.